कुंपण दिसलं नाही तरी बसून राहा: प्रायोगिक महोत्सवात सीमेवरच्या फिल्म पाहायला निघालेल्यांसाठी

प्रायोगिक चित्रपटांच्या महोत्सवात पहिल्याच खेळातून अर्ध्यात उठून जाणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. गोष्ट नाही, नट नाहीत, कधी कधी आवाजसुद्धा नाही. त्यातून कार्यक्रमाचा विषय सीमा असेल, तर माणूस बातम्यांतलं चित्र डोक्यात घेऊनच आलेला असतो: काटेरी तारा, रांगा, बंदूकधारी जवान. पडद्यावर मात्र कितीतरी वेळ नुसता रस्ता सरकत राहतो.

हा लेख अशा पहिल्या खेपेसाठी आहे. महोत्सव निवडण्यापासून ते स्वतः एखादा छोटा कार्यक्रम लावण्यापर्यंत, क्रमाने. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते: या फिल्ममध्ये सीमा कुठल्या तंत्रात उभी केली आहे ते शोधायचं. कॅमेऱ्याच्या हालचालीत, कटमध्ये (म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी मारण्यात), आवाजात, की सबटायटलमध्ये? ती जागा सापडली की गोष्ट नसल्याचं फारसं जाणवत नाही.

महोत्सव कोणता निवडावा

संपूर्ण प्रायोगिक महोत्सवाला जायचं की मोठ्या महोत्सवातल्या एखाद्या विभागाला, हे आधी ठरवा. बर्लिनच्या महोत्सवात 'फोरम एक्सपांडेड' हा विभाग आहे, नेदरलँड्समधला रॉटरडॅमचा महोत्सवही या प्रकाराला बरीच वर्षं जागा देत आला आहे. पण मोठ्या ठिकाणी नवखा माणूस हमखास भरकटतो. एकाच वेळी अनेक पडद्यांवर खेळ चालू असतात आणि शेवटी तो ओळखीचं नाव बघून तिकडेच वळतो. मी म्हणेन, लहान महोत्सव धरा. एक-दोनच पडदे, सगळे जण तेच बघतात, आणि खेळानंतर दिग्दर्शक दाराशीच भेटतो.

या महोत्सवांची परंपरा जुनी आहे. बेल्जियममधल्या क्नोके या समुद्रकाठच्या गावात 1949 साली प्रायोगिक चित्रपटांचा एक महोत्सव भरला. पुढे तो अधूनमधून, एकूण पाचदा, 1974पर्यंत भरत राहिला. अमेरिकेतला ॲन आर्बरचा महोत्सव 1963पासून आजतागायत चालू आहे. भारतात शाई हेरेडिया यांनी 2003मध्ये 'एक्सपेरिमेंटा' सुरू केला.

सीमेच्या दृष्टीने पाहिलं तर जर्मनीतलं ओबरहाउझन मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कोळसा आणि पोलादाच्या पट्ट्यातलं हे शहर. तिथला लघुपट महोत्सव 1954मध्ये सुरू झाला. 'शेजाऱ्याकडे जाणारी वाट' हे त्याचं ब्रीदवाक्य होतं. शीतयुद्ध ऐन भरात असताना पश्चिम जर्मनीत बसून पोलंड, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकियाचे लघुपट पाहायला मिळण्याचं हे एक ठिकाण होतं. माणसांना पलीकडून येणं अवघड होतं, पण डब्यातलं रीळ येऊ शकत होतं. सिनेमाने सीमेचा नव्याने विचार करायचा म्हणजे काय, याचं इतकं साधं उत्तर नंतरच्या कित्येक जाडजूड कॅटलॉगमध्येही सापडत नाही.

काही महोत्सव तर प्रत्यक्ष सीमेवरच वसलेले आहेत. 1994मध्ये सुरू झालेला 'मीडिया सिटी' कॅनडातल्या विंडसर आणि अमेरिकेतल्या डेट्रॉइट अशा दोन शहरांत भरतो. मध्ये नदी, आणि नदीच्या मधोमध देश बदलतो. स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाकडच्या हॉइक गावात 'अल्केमी' 2010पासून आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोघांच्या हातांत शतकानुशतकं आलटूनपालटून जात राहिलेल्या बेरिक गावातला महोत्सव 2005चा. अल्जीरियातल्या सहरावी (पश्चिम सहारातून परागंदा झालेल्या) निर्वासितांच्या छावण्यांत 2003पासून 'फिसहारा' भरतो. तो प्रायोगिक नाही, पण महोत्सव कोणासाठी असतो हा प्रश्न त्याच्याइतका थेट क्वचितच कोणी विचारला असेल. अशा ठिकाणी फिल्म पाहून बाहेर आलं की विषय रस्त्यावर समोरच उभा असतो.

कॅटलॉग कसा वाचावा

कॅटलॉग हातात आला की बहुतेक जण आधी सारांश वाचतात. तो शेवटी वाचा. प्रायोगिक फिल्मचा सारांश बऱ्याचदा फिल्मपेक्षा अवघड असतो. अनुदानाच्या अर्जातला मजकूर जसाच्या तसा उचलून तिथे चिकटवला जातो, असा माझा जुना संशय आहे. त्याऐवजी बारीक अक्षरातली माहिती बघा: लांबी, फॉरमॅट, भाषा, देश.

लांबी आधी. लघुपट सहसा गटाने दाखवतात. तासा-सव्वातासाच्या एका गटात पाच-सहा ते आठ फिल्म. पहिल्या दिवशी असे दोन गट पुरे. 1947च्या संयुक्त राष्ट्रांच्या फाळणी ठरावातली रेषा धरून पॅलेस्टाइन-इस्रायलमधून प्रवास करणारी मिशेल ख्लेफी आणि एयाल सिवान यांची 'रूट 181' (2003) ही फिल्म साडेचार तासांच्या आसपास आहे. ती बघण्यासारखी आहे, पण पहिल्या दिवशी नको.

फॉरमॅटच्या रकान्यात '16 मिमी', म्हणजे खरीखुरी रिळावरची फिल्म, दिसलं तर त्या खेळाला प्राधान्य द्या. डीसीपी म्हणजे डिजिटल फाइल. ती उद्या दुसरीकडेही सापडेल. 16 मिमीची प्रत मात्र एखाद-दुसरीच असते, ती पेटीतून प्रवास करून आलेली असते, आणि सिनेमागृहातच प्रोजेक्टर लावला असेल तर त्याचा खडखडाट हाही त्या खेळाचा भाग होतो.

देशाच्या रकान्यापाशी मात्र जरा थांबा. दिग्दर्शकाचा जन्म एकीकडे, राहणं दुसरीकडे, पैसा तिसरीकडचा, चित्रीकरण चौथ्या ठिकाणी. आणि या सगळ्यातून कॅटलॉगला एक-दोन नावं छापायची असतात. ती कोणती छापली, हा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. महोत्सव आणि राष्ट्र यांची ही सांगड जुनी आहे. फ्रान्समधल्या कान शहराच्या महोत्सवात 1972पर्यंत कोणती फिल्म पाठवायची हे त्या त्या देशाच्या अधिकृत संस्था ठरवत. त्यानंतर महोत्सवाने स्वतः निवड करायला सुरुवात केली. तोवर फिल्म एक प्रकारे पासपोर्ट घेऊनच पडद्यावर येत होती. आजही निर्वासित दिग्दर्शकाच्या नावापुढे काय लिहिलंय ते पाहा. काही वेळा तो रकाना त्या फिल्मइतकाच बोलका असतो.

जायला जमत नसेल तर ऑनलाइन खेळांचा पर्याय पुष्कळ ठिकाणी असतो. पैसे भरण्याआधी तुमच्या प्रदेशात ती फिल्म दिसणार का, हे तपासा. भौगोलिक बंधन घातलेलं असलं तर सीमेविरुद्धची फिल्म सीमेमुळेच उघडत नाही, असा प्रकार होतो. कारण बहुधा हक्कांचं असतं, पण तेव्हा हसू आल्याशिवाय राहत नाही.

जाण्याआधीची तयारी

फार वाचून जाऊ नका. सिद्धांताची पुस्तकं नंतर. त्यापेक्षा एक शॉट नीट बघून जा: ऋत्विक घटकांच्या 'कोमल गांधार'मधला (1961).

नाटकमंडळी पद्मेच्या काठावर येतात. पलीकडे पूर्व बंगाल, म्हणजे नायक-नायिका दोघांचंही सुटलेलं घर. जे रूळ पूर्वी इकडून तिकडे जोडत होते ते आता इथेच संपतात. दोघं बोलत असतात, आणि मग कॅमेरा त्या वापरात नसलेल्या रुळांवरून पुढे सुटतो. वेग वाढत जातो, खाली 'दोहाई अली'चा गजर चढत जातो, रुळांच्या शेवटचा अडसर अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. पलीकडे काय आहे ते दिसत नाही. शिपाई नाही, कुंपण नाही, नकाशा नाही. फाळणी त्या काळ्या पडद्यात आहे.

'कोमल गांधार' हा काही प्रायोगिक महोत्सवातला लघुपट नव्हे, गाणी असलेला कथापट आहे. पण पुढे ज्या फिल्म पाहायच्या आहेत त्यांची किल्ली या काही सेकंदांत आहे. हा तुकडा दोनदा बघा. दुसऱ्यांदा डोळे मिटून, नुसता ऐका.

खेळाच्या वेळी

मधल्या रांगेत, थोडं मागे बसा; फार पुढे बसलात तर सबटायटल आणि चित्र एकदम नजरेत मावत नाही. लुकलुकणाऱ्या प्रतिमांची सूचना लावलेली असेल तर ती गंभीरपणे घ्या. टोनी कॉनरॅड यांची 'द फ्लिकर' (1966) ही फिल्म सुरूच इशाऱ्याच्या पाटीने होते, कारण काळ्या-पांढऱ्या फ्रेमच्या झपाट्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो. त्रास होणाऱ्यांनी कडेची खुर्ची घ्यावी किंवा तो खेळ सोडावा. यात शौर्य दाखवायचं काही कारण नाही.

मूकपट लागला तर शांतता अवघडल्यासारखी वाटते: शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो, कोणीतरी खोकतं. ते चालायचंच. झोप लागली तरी हरकत नाही, घोरू नका म्हणजे झालं. उठून जायचंच असेल तर दोन फिल्मच्या मध्ये जा. फोन मात्र अजिबात काढू नका. अंधाऱ्या फिल्ममध्ये एका फोनचा उजेड पाच रांगांची फिल्म घालवतो.

सीमा नेमकी कुठे आहे

आता मुख्य काम. पडद्यावर सीमा शोधताना मी स्वतःला विचारते ते प्रश्न इथे देते. एका फिल्मला सगळे लावायचे नसतात. एखादा लागला तरी पुरे.

कॅमेरा कोणाचा आहे? शांताल आकेरमान यांची 'फ्रॉम द अदर साइड' (2002) मेक्सिकोतलं आग्वा प्रिएता आणि समोरचं ॲरिझोनातलं डग्लस या दोन गावांत घडते. मेक्सिकोच्या बाजूचे लोक शांतपणे बसून आपली माणसं कशी गेली ते सांगतात, आणि मधेमधे कॅमेरा भिंतीला समांतर, लांबच लांब सरकत राहतो. चढत नाही, पलीकडे डोकावत नाही. मग केव्हातरी वेगळंच चित्र येतं: वरून, उष्णता टिपणाऱ्या यंत्रातून, अंधारात चालणारी माणसं, नुसते पांढरे ठिपके. ही सीमारक्षकांची नजर. त्या क्षणी आधीच्या सगळ्या संथ शॉटचा अर्थ बदलतो. दिग्दर्शिकेचा कॅमेरा माणसाच्या उंचीवर होता, हे तेव्हा लक्षात येतं.

वेळ किती ताणला आहे? फिलिप शेफनर यांची 'हावरी' (2016) ही फिल्म एका पर्यटकाने आलिशान क्रूझ जहाजावरून टिपलेल्या साडेतीन मिनिटांच्या व्हिडिओतून बनली आहे. भूमध्य समुद्रात, दूरवर एक रबरी होडी, तिच्यात माणसं. ही साडेतीन मिनिटं ताणून जवळपास दीड तासाची केली आहेत. चित्र जेमतेम हलतं. आवाजात मात्र जहाज आणि बचाव यंत्रणा यांच्यातलं रेडिओ-संभाषण, आणि समुद्र ओलांडलेल्या, तसंच जहाजावर असलेल्या माणसांचं बोलणं. व्हिडिओ एरवी आपण स्क्रोल करून पुढे गेलो असतो; इथे मदतीची वाट बघण्याचा वेळ आपल्यालाही काढावा लागतो. या फिल्मला कंटाळवाणी म्हणणारे भेटतील. कंटाळा येतो, हे खरंच आहे. पण त्या कंटाळ्यातच हळूहळू भान येतं की होडीतल्या माणसांना स्क्रोल करण्याची सोय नव्हती.

काय वाचता येतं आणि काय येत नाही? मोना हातूम यांचा 'मेजर्स ऑफ डिस्टन्स' (1988) जेमतेम पंधरा मिनिटांचा. बैरूतमधल्या आईने लंडनमधल्या मुलीला लिहिलेली पत्रं. आईची छायाचित्रं पडद्यावर येतात, पण त्यांच्यावर अरबी हस्ताक्षराच्या ओळी पडद्यासारख्या पसरलेल्या आहेत. मुलगी ती पत्रं इंग्रजीत वाचते; मागे आई-लेकीच्या अरबी गप्पा आणि हसणं चालू असतं, त्याचं सबटायटल नाही. अरबी येणाऱ्याला एक फिल्म दिसते, न येणाऱ्याला दुसरी. सबटायटल कुठे दिलंय याच्याइतकंच ते कुठे मुद्दाम गाळलंय, हे टिपायची सवय इथून लावून घ्या.

मागे कोण उभं आहे? कमाल अल्जाफरी यांनी 'रिकलेक्शन'साठी (2015) जाफा या मूळच्या पॅलेस्टिनी अरब शहरात काही दशकांत चित्रित झालेले इस्रायली आणि अमेरिकी कथापट घेतले आणि त्यांतले पुढे उभे असलेले नट संगणकावर पुसून टाकले. उरल्या भिंती, जिने, समुद्र, आणि नकळत चौकटीत आलेली मागची माणसं. त्याच माणसांना त्यांनी जवळ आणलं आहे. नायकाच्या खांद्यामागे जे शहर धूसर होतं तेच आता फिल्म झालं. ही पाहिल्यानंतर मी कुठल्याही जुन्या चित्रपटात नायकाकडे बघेनाशी झाले, हा एक दुष्परिणाम.

रेषा पाण्यावर कशी काढतात? 'लिक्विड ट्रेसेस' (2014) ही चार्ल्स हेलर आणि लोरेन्झो पेत्झानी यांची फिल्म म्हणजे जवळपास पूर्णपणे एक हलता नकाशा आहे. मार्च 2011मध्ये लिबियाहून निघालेली 72 जणांची होडी नाटोच्या निगराणीखालच्या समुद्रात 14 दिवस वाहत राहिली. 63 जण मेले. उपग्रहाच्या नोंदी, वारा, प्रवाह, समुद्रात बचावाची जबाबदारी कोणाची हे ठरवणारी क्षेत्रं यांच्या आधारे तिचा मार्ग पुन्हा आखला आहे. पाळत ठेवणाऱ्यांचीच साधनं पाळत ठेवणाऱ्यांविरुद्ध पुरावा म्हणून उभी केली आहेत. पडद्यावर एकही चेहरा नाही, आणि मला तरी तो नसल्याचं खटकलं नाही.

आणि शेवटी, बोलतंय कोण, कोणाबद्दल? ट्रिन मिन्ह-हा यांनी सेनेगलमध्ये केलेल्या 'रिअसेम्ब्लाज'मध्ये (1982) आवाज मधेच तुटतो, शांतता येते, पुन्हा सुरू होतो. लोकांबद्दल बोलण्याऐवजी त्यांच्या जवळ बसून बोलण्याचा आपला इरादा आहे, असं त्या निवेदनात सांगतात. परक्या समाजावरच्या कुठल्याही फिल्मला लावून पाहावी अशी ही फूटपट्टी आहे. माहितीपटातला सगळं ठाऊक असलेला भारदस्त निवेदक त्यानंतर सहन होत नाही.

याच विषयावर वाईट फिल्मही ढीगभर असतात, तेही सांगायला हवं. ड्रोनने वरून टिपलेलं देखणं कुंपण, खाली चेलोचे दीर्घ सूर, कवितेच्या तीन ओळी, संपलं. असं काही लागलं तर अपराधी वाटून न घेता मनात नापास करा. कुंपण सुंदर दिसायला लागलं की मला शंका येते. त्याच्या उलट अमर कंवर यांची 'अ सीझन आउटसाइड' (1997). तीस मिनिटांची ही फिल्म वाघा सीमेवर सुरू होते. संध्याकाळच्या संचलनाचा डामडौल तिथे आहेच, पण कॅमेऱ्याचं लक्ष रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेकडे आणि तिथे डोक्यावरची पोती पलीकडच्या डोक्यावर देणाऱ्या हमालांकडे जातं. तिथून पुढे फिल्म हिंसा आणि अहिंसेकडे वळते, पण पोत्यांचं ते हस्तांतर डोक्यातून जात नाही.

खेळानंतर

प्रश्नोत्तरांत 'यातून तुम्हाला काय सांगायचं आहे?' हा प्रश्न टाळा. त्याला बहुतेक दिग्दर्शक गोल उत्तर देतात. कामाबद्दल विचारा: परवानगी कशी मिळाली, तो आवाज कुठे रेकॉर्ड केला, अमुक संवादाला सबटायटल का नाही, ज्यांचं चित्रण केलं त्यांनी फिल्म पाहिली का. शेवटच्या प्रश्नावर सभागृह एकदम जागं होतं. दिग्दर्शक हजर नसेल तर का नाही, हे आयोजकांना विचारायला संकोचू नका. कधी तारखा जमत नाहीत, कधी व्हिसा नाकारलेला असतो. दुसऱ्या प्रसंगी व्हिडिओ कॉलवरून मोठ्या पडद्यावर आलेला चेहरा हाही त्या कार्यक्रमाचा भाग धरावा.

त्याच रात्री प्रत्येक फिल्मबद्दल दोन ओळी लिहून ठेवा: एक पाहिलेली गोष्ट, एक ऐकलेली. मत नंतर बनवता येतं. आठ लघुपटांतला कुठला शॉट कशातला, हे मात्र सकाळपर्यंत मिसळून जातं.

स्वतः छोटा कार्यक्रम लावायचा असेल तर

दोन-तीन महोत्सव झाले की ही खुमखुमी येतेच. इंटरनेटवर सापडलेली फाइल लावू नका. दिग्दर्शकाला लिहा किंवा वितरकाकडून रीतसर घ्या. पॅरिसमध्ये 1982पासून 'लाइट कोन' आहे, लंडनमध्ये 'लक्स', न्यूयॉर्कमध्ये 'फिल्म-मेकर्स कोऑपरेटिव्ह', बर्लिनमध्ये 'आर्सेनाल'. दर खेळामागे शुल्क पडतं, शिवाय प्रत प्रत्यक्ष येणार असेल तर पाठवणीचा खर्च. निवड करताना पाहण्यासाठी दुवा द्याल का, अशी विनंती करून बघा, बऱ्याचदा देतात.

एकूण लांबी तासाभराच्या वर नेऊ नका. क्रम लावताना एकाच सीमेवरच्या तीन फिल्म सलग ठेवू नका, लोक त्याला वृत्तांत समजतात. समुद्रावरच्या फिल्मशेजारी पत्रांची ठेवा, नकाशाच्या फिल्मशेजारी रुळांची. सगळ्यांत अवघड फिल्म शेवटी न ठेवता दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. तोवर डोळे तयार झालेले असतात आणि थकलेले नसतात. दोन फिल्मच्या मध्ये दहा-पंधरा सेकंद काळा पडदा सोडा. सुरुवातीला बोलायचं असेल तर दोन मिनिटं, त्यात प्रत्येक फिल्मची लांबी सांगायची. किती वेळ बसायचंय हे कळलं की लोक निवांत होतात.

प्रत 16 मिमीची असेल तर तीन गोष्टी वितरकाला आधीच विचारून घ्या. वेग सेकंदाला 24 फ्रेम की 18? ध्वनिपट्टी आहे की मूक? आणि खेळ झाल्यावर रीळ उलटं गुंडाळून पाठवायचं की शेवटचं टोक वर ठेवून तसंच? प्रोजेक्टर चालवणारा माणूस आदल्या दिवशी बोलवा आणि त्याला पूर्ण रीळ एकदा चालवून बघू द्या. एका ठिकाणी तुटलं तर सगळ्यांसाठीच तुटतं, दुसरी प्रत मागवायला वेळ नसतो.